विरजण लागेपर्यंत

पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. विषय दारूचा आहे. दारू प्या असं सांगणारी ही पोस्ट नाही आणि पिणाऱ्याला शिव्या घालणारीही नाही.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा झाले होते. इंग्लंडात असलेल्या भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. एवढ्या उशिरा फोन म्हटल्यावर पोटात गोळाच आला. उचलला तर हा पठ्ठ्या स्वयंपाकघरात एका पांढऱ्या बादलीसमोर तोंड पाडून उभा.

"मामा, आजी जागी आहे का? यीस्ट उठतच नाहीये."

आई जागीच होती. तिला वाटलं, पोरगा पाव करतोय. मग कळलं की घरी बिअर करतोय. आमच्या घरात कधी बाटली आलेली नाही, त्यामुळे मला वाटलं आता याची काही खैर नाही. पण आईनं चष्मा लावला, बादलीकडं नीट बघितलं आणि विचारलं, "किती वेळ झाला घालून?"

"चाळीस तास."

"खोलीत थंडी किती?"

"चौदा डिग्री."

"पुडी कधीची?"

हा गप्प. पुडी वर्षापूर्वीची निघाली, तीही उघडून अर्धी वापरलेली.

"आणि झाकण किती वेळा उघडलंस?"

"दर तासाला. बघायला."

"मग कसं उठेल ते? सारखं तोंड उघडून बघितलं तर आंबोळीचं पीठ तरी येतं का? उबेला ठेव, गोधडी गुंडाळ आणि जा, झोप. सकाळपर्यंत हात लावायचा नाही."

आई झोपायला गेली, मी मात्र जागाच राहिलो. एक तर हे ज्ञान तिच्याकडं आलं कुठून, हा प्रश्न होता. आणि दुसरं असं की पोरगा तिकडं जे छंद म्हणून करत होता, तेच आमच्या आपट्याच्या आसपासच्या वाड्यांवर केलं की गुन्हा होतो. त्या गुन्ह्याच्या बातम्या मी वीस वर्षं लिहितोय.

आधी त्या बादलीचं बघू.

बिअर म्हणजे जवाला मोड आणून, वाळवून, भरडून, गरम पाण्यात त्याचा गोडवा उतरवायचा. त्यात हॉप नावाची कडवट फुलं घालून उकळायचं, थंड करायचं आणि यीस्ट टाकायचं. यीस्ट म्हणजे डोळ्याला न दिसणारी बुरशीच्या जातीची पेशी. साखर खाते, दारू आणि वायू सोडते. साधारण २० लिटरला ११ ग्रॅमची एक पुडी पुरते आणि १८ ते २२ अंश ऊब तिला मानवते.

पण टाकल्या टाकल्या ती कामाला लागत नाही. नव्या जागेत आधी रुळते, प्राणवायू घेते, स्वतःची संख्या वाढवते. वरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. बारा तास, चोवीस तास, कधी दोन-तीन दिवससुद्धा. पुडी जुनी असली, पेशी कमी असल्या, थंडी असली, साखर फार झाली किंवा पोषण कमी पडलं, तर हा वेळ लांबतो. पुडी आधी कोमट पाण्यात भिजवून जागी करणं, थोड्या गोड पाण्यात आधी वाढवून मग मोठ्या बादलीत घालणं, यीस्ट टाकायच्या वेळीच रस चांगला घुसळून हवा मिसळणं, हे त्यावरचे उपाय. आपण विरजणाच्या बाबतीत हेच करतो. दूध कोमट, विरजण ताजं, भांडं उबेला.

उशीर झाला तर बिघडतं काय? यीस्ट झोपलेलं असताना बादली रिकामी नसते. त्या गोड पाण्यावर हवेतले, भांड्यातले, हातावरचे दुसरे जंतूही टपलेले असतात. यीस्ट वेळेत उठलं तर त्यांना जागा उरत नाही. उशीर केला की तेच घर बळकावतात. रस आंबट होतो, वास मारतो. म्हणून उघडून बघायचं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

हे शास्त्राला उशिरा कळलं. १८५६ साली फ्रान्सच्या लील गावात बिटापासून मद्यार्क काढणाऱ्या एका कारखानदाराचा माल नासत होता. तो लुई पाश्चरकडं गेला. पाश्चरनं सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर चांगल्या पिंपात यीस्टच्या गोल पेशी आणि नासलेल्या पिंपात भलतेच काडीसारखे जीव. पुढं १८७६ मध्ये त्यानं बिअरवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच्याही आधी, १८४५ मध्ये, डेन्मार्कच्या याकोबसेन या बिअरवाल्यानं म्युनिकहून कोपनहेगनला यीस्ट नेलं. घोडागाडीच्या प्रत्येक मुक्कामावर डब्यावर गार पाणी ओतत तो गेला, असं सांगतात. त्याच्याच कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत १८८३ मध्ये एमिल हान्सेननं एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. आज भाच्याच्या हातात असलेल्या पुडीचा जन्म तिथला.

पुडी नव्हती तेव्हा लोक काय करत होते? तेच, जे माझी आई पिठाच्या बाबतीत करते. आधीच्यातलं थोडं मागं ठेवायचं. कोकणात माडाची माडी, ताडाची ताडी, शिंदीच्या झाडाची शिंदी. रस मडक्यात पडतो तोच आंबायला लागतो, कारण मडक्याच्या अंगातच कालचं यीस्ट मुरलेलं असतं. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणं थांबतं आणि गोड नीरा मिळते. म्हणजे आंबवायचं कसं आणि आंबू द्यायचं नाही कसं, दोन्ही ताडी काढणाऱ्या भंडाऱ्याला ठाऊक. तीच ताडी आपल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत फुगे आणि पाव फुगवायला वापरली जायची, गोव्यात पोदेर लोक पावाला आणि बायका सान्नांना वापरायच्या. ताडी हे नुसतं पेय नव्हतं, ते गावाचं विरजण होतं.

ही जाण फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात उडीद, तांदूळ आणि वनस्पती मिसळून आंबवण्याचं बीज कसं करायचं ते मापासकट दिलंय. त्याला शब्द आहे 'किण्व'. तोच शब्द आज आपल्या शास्त्राच्या पुस्तकात 'किण्वन' म्हणून येतो. कौटिल्य काही सैल माणूस नव्हता. दारूवर राज्याचा ताबा हवा, कर हवा, नशेबाजावर नजर हवी, हे सगळं त्यानं लिहिलं. पण कुटुंबांना कार्यप्रसंगी घरची पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट करायला मुभा ठेवली. यात्रा-उत्सवाला चार दिवसांची सूटही दिली.

आता आपल्या भागात येऊ. इथं मोह. आपट्याच्या पाताळगंगेपासून वर कर्जत-खालापूरच्या डोंगरापर्यंत कातकरी आणि ठाकर वाड्यांसाठी मोहाचं झाड म्हणजे घरातलं माणूस. फुलं वाळवून टंचाईत खायची, बियांचं तेल काढायचं आणि सणाला, लग्नाला, मयताला त्याचीच दारू. मोहाच्या फुलावर यीस्ट आपसूक असतं, वर मागच्या खेपेचा थोडा भाग नव्यात घातला की काम लवकर सुरू होतं.

१८७८ साली मुंबई सरकारनं अबकारी कायदा केला. गावोगावच्या छोट्या भट्ट्या बंद करायच्या, दारू एका जागी गाळायची आणि मक्तेदारानं विकायची, असं धोरण आलं. ती एक जागा आपल्या शेजारचं उरण. तिथल्या भट्ट्यांत पंचमहालातून आणि मध्य प्रांतातून येणारी मोहफुलं गाळली जायची आणि दारू मुंबईला जायची. ताडीच्या झाडामागं कर वाढला. भंडारी समाजानं विरोध केला, पण कर राहिलाच. तरी लोक घरी करतातच म्हटल्यावर सरकार थेट फुलापर्यंत पोचलं. १८९२ चा मोहफुलांचा कायदा ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठीच होता. फुलं गोळा करणं, बाळगणं, विकणं, सगळ्यावर बंधनं आली. आपला पनवेल तालुका आधी ठाण्यात होता, नंतर कुलाब्यात गेला. जिल्हा कुठलाही धरा, कायदा आपल्यासाठीच होता.

विचार करा. ज्या फुलावर उन्हाळा काढायचा, ते फूल घरात सापडलं की संशय.

हे लोकांच्या भल्यासाठी होतं का? सरकारला पैसा हवा होता. अबकारी उत्पन्न वाढलं तशी मक्त्याची दुकानं वाढली. १८८० मध्ये महात्मा फुल्यांनी पुणे नगरपालिकेला पत्र लिहून वाढत्या दारू दुकानांबद्दल तक्रार केली, ती उगाच नाही.

दारूनं घरं बसतात, हे मी डोळ्यानं बघितलंय. पोरांचं दूध बंद होऊन बापाची बाटली सुरू झालेली घरं आपल्याच भागात आहेत. पण दारू सोडायचा निर्णयसुद्धा याच लोकांनी स्वतः घेतल्याचा इतिहास आहे. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरून 'देवी'ची एक लाट उठली आणि डोंगरातून दक्षिण गुजरातेपर्यंत पसरली. देवीचा आदेश म्हणून हजारो आदिवासींनी दारू-ताडी सोडली, दारूच्या दुकानदारांवर बहिष्कार टाकला. पुढं गांधीजींनी १९३० मध्ये सरकारपुढं अकरा मागण्या ठेवल्या, त्यात दारूबंदी होती. आजही मतदान घेऊन गावातली बाटली आडवी करणाऱ्या बाया महाराष्ट्रात आहेत. त्यांना माझा सलाम आहे. बाहेरून आलेली बंदी आणि आतून आलेली बंदी यात फरक असतो, एवढंच म्हणतोय.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री. हेतू गांधींचा, पण यंत्रणा तीच जुनी अबकारीची. परवाना नसताना दारू तयार करणं गुन्हा, मग ती विकायला असो की घरच्या जेवणाला. १९६० च्या दशकात शहरांसाठी परमिट आलं, दुकानं उघडली, बार उघडले. वाडीवरच्या मडक्याला मात्र परमिट कधीच आलं नाही.

मग झालं काय? लोक प्यायचे थांबले नाहीत. मोह मागं पडला आणि काळा गूळ आला. गुळात साखर भरपूर, पण यीस्टला वाढायला लागणारं नत्र कमी. नुसत्या गुळाचं पाणी रेंगाळतं. आणि रेंगाळून चालत नाही, कारण जितके दिवस पिंप उभं तितके दिवस धाडीची भीती. मग आला नवसागर. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, त्यात नत्र असतं, यीस्टला ते खाद्य मिळतं. भाच्याच्या दुकानात 'यीस्टचं टॉनिक' म्हणून जी पुडी मिळते, तिच्यातही अमोनियमचाच क्षार असतो, फक्त तो स्वच्छ आणि मोजून दिलेला. गरज एकच. एकाला दुकान आहे, दुसऱ्याला अंधार आहे.

आणि शेवटी तो अंधारही कुणीतरी बळकावला. जून २०१५ ला मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं मेली. ती आंबवलेल्या मोहानं किंवा गुळानं मेली नाहीत. त्या दारूत मिथेनॉल होतं, कारखान्यात वापरायचं विष. तिथं आंबवायचीच गरज उरली नव्हती. कॅनमधलं रसायन पाण्यात ओतलं की 'दारू' तयार.

मगाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते आठवा. यीस्टला उठू दिलं नाही की बादली रिकामी राहत नाही, दुसरंच काहीतरी तिचा ताबा घेतं.

आता माझ्याबद्दल. वीस वर्षांत धाडीच्या किती बातम्या लिहिल्या याचा हिशेब नाही. साचा ठरलेला. "गुप्त माहितीच्या आधारे छापा, इतके लिटर रसायन नष्ट, इतक्या रुपयांचा मुद्देमाल, एक महिला ताब्यात." फोटोत निळं पिंप, बाजूला मान खाली घातलेली बाई. संध्याकाळी पाठवायचं, सकाळी छापून यायचं.

काही वर्षांपूर्वी एका वाडीवर रस्त्याच्या बातमीसाठी गेलो होतो. एका बाईनं मला ओळखलं. म्हणाली, "दादा, माझा फोटू तुम्हीच टाकलाता ना?" मला आठवेना. तिला आठवत होतं. जामिनासाठी किती उचल घेतली, ती फेडायला वीटभट्टीवर किती महिने काढले, सगळं आठवत होतं.

मी विचारलं, कशाला करता मग हे?

ती म्हणाली, "माझी आय मोहाची करायची. तिची हंडी ती कधी घासून धुवायची नाय. म्हणायची, हंडीत जीव असतो. सणालाच करायची, बाकी वरीसभर हंडी पालथी. ती हंडी धाडीत फोडली. मग प्लास्टिकचं पिंप आलं. पिंपात जीव नाय ना, मग गूळ लागतो, नवसागर लागतो. त्याला पैसा लागतो. पैसा काढायचा तर मग रोज करावी लागते."

मी वहीत काहीच लिहिलं नाही. रस्त्याची बातमी दिली आणि घरी आलो. त्या तीन-चार वाक्यांत जे होतं ते माझ्या वीस वर्षांच्या बातम्यांत कुठंच नव्हतं. सणाची दारू रोजची कशी झाली, हे तिनं सांगितलं, आणि मी रस्त्याचे खड्डे मोजत होतो.

आज आपल्याच तालुक्यात तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत बिअरचा कारखाना आहे. पुण्यात २००९ ला डूलली सुरू झाली, जागेवर बिअर बनवून तिथंच विकणारी. लोक कौतुकानं जातात, काचेपलीकडच्या टाक्यांचे फोटो काढतात. गोव्यानं काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून दिलं आणि २०१६ मध्ये तिला वारसा पेय म्हणून जाहीर केलं. फेणीत बाहेरून यीस्ट घालत नाहीत, बोंडूचा रस स्वतःच आंबतो. तीच रीत आपल्या मोहाची. तिकडं वारसा, इकडं मुद्देमाल.

इंग्लंडातही घरी बिअर करायला १९६३ पर्यंत परवाना लागायचा. मग सरकारनं तो काढून टाकला. म्हणाले, विकू नका, घरी काय करता ते करा. अमेरिकेत १९७८ मध्ये तसाच कायदा झाला. तिथं काही आभाळ कोसळलं नाही. इथंही लगेच तसंच करा, असं मी म्हणत नाही. वाड्यांवरच्या बायकांना विचारल्याशिवाय तर अजिबात नाही, कारण मार त्याच खातात. पण निदान विचारा तरी. दीडशे वर्षांत त्यांना कुणी विचारलेलं नाही. आज कायदा आहे तसा आहे. पोस्ट वाचून कुणी घरी उद्योग करायला जाऊ नका, धाड पडली तर बातमी मलाच लिहावी लागेल.

माझ्यापुरतं एक ठरवलंय. यापुढं धाडीची बातमी आली तर लिटर आणि रुपये लिहिण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या. गूळ आणि नवसागर पुरवणारा कोण, तो ताब्यात आहे का? पकडलेल्या बाईचा जामीन कोण देणार? आणि पिंपात आंबवलेलं होतं की कॅनमधलं विष? आणि तिचा फोटो छापायचा नाही.

तुमच्याकडं एक मागणं. आपटा, रसायनी, चिरनेर, कर्नाळ्याच्या बाजूला कुणाच्या घरी मोहाच्या, ताडीच्या, ताडीनं फुगवलेल्या भाकरी-पावाच्या आठवणी असतील तर लिहून पाठवा. नावं देऊ नका. म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या.

आणि हो, भाच्याची बादली. आईनं सांगितल्याप्रमाणं त्यानं ती गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवली, वर आजीनंच दिलेली गोधडी गुंडाळली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोटो आला. चार बोटं पिवळट फेस.

मी फोटो आईला दाखवला. तिनं बघितला आणि म्हणाली, "बघ, आलं की नाही? त्याला म्हणावं, त्यातलं थोडं पुढच्या वेळेसाठी राखून ठेव."